मालवणचे प्रवाळ आणि विद्यार्थी-सहल : एक विवेचन

प्रस्तावना

गिरीजनजीकच्या भुईगाव किनाऱ्यावर प्रवाळाच्या वसाहती आढळत नाहीत. प्रवाळास स्वच्छ, प्रकाशमान पाणी लागते. वसईच्या खाडीतून येणाऱ्या गाळामुळे येथील पाणी गढूळ असते. त्यामुळे वसई परिसरातील विद्यार्थ्यांस महाराष्ट्रातच जिवंत प्रवाळ पाहावयाचे झाल्यास मालवण हे सोयीचे ठिकाण ठरते. तेथील स्नॉर्केलिंगचा शैक्षणिक उपयोग व त्यातील धोके यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रवाळाचे स्वरूप

प्रवाळ दगडासारखे दिसत असले तरी ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. या प्राण्यांच्या पेशींत एकपेशीय शैवाल वास करते व प्रकाशसंश्लेषणाने यजमानास अन्न पुरविते. पाणी दीर्घकाळ अतिउष्ण राहिल्यास हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पोराईट्ससारख्या भरीव प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण 1 सेंटीमीटर होते. म्हणजेच तळहाताएवढा भाग तुटल्यास तो भरून येण्यास दशक अपुरे पडते.

मालवणची स्थिती

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे सुमारे 29 चौरस किलोमीटर क्षेत्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. उपजीविकेवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. पुढे पर्यटनाने रोजगार दिला. परंतु त्याबरोबर नांगरांचे आघात, प्रवाळावर पडणारी पावले आणि मासे जमविण्यासाठी टाकलेले पावाचे तुकडे हे प्रश्नही उद्भवले. येथील प्रवाळ पावसाळी गाळ आधीच सोसत असल्याने हा अधिक भार दुर्लक्षणीय नाही.

सहलीचे नियोजन

पोहता न येणारा विद्यार्थी घाबरताच पायाखाली आधार शोधतो आणि नेमका प्रवाळावर उभा राहतो. म्हणून जीवरक्षक जाकीट व मुखवट्यातून श्वसनाचा सराव उथळ, वालुकामय भागात आधी करून घ्यावा. गट लहान असावेत. वाळू ढवळू नये, कारण ती प्रवाळावर बसून त्याची हानी करते. माशांना खाऊ घालू नये. आठवण म्हणून तुकडा आणणे हा गुन्हा ठरतो, हेही सांगावे. 2001 मध्ये भित्तीनिर्माते प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाले.

निष्कर्ष

सहलीचे यश किती छायाचित्रे मिळाली यावर मोजता येणार नाही. स्पर्श न करता निरीक्षण करण्याची शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी बाणली, तरच प्रवाळाच्या अभ्यासासाठी काढलेली सहल प्रवाळाच्या नाशास कारण होणार नाही. ही जबाबदारी प्रथमतः प्राध्यापकांची आहे.