बांधावरची काळी मैना

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली गाडी कापूरहोळ मागे टाकते, किकवी ओलांडते, सारोळ्याला नीरा पार करते आणि खंबाटकी चढून वाई-पाचगणीच्या वाटेला लागते. हिवाळ्यातल्या रविवारी अशा कितीतरी गाड्यांतून घरंच्या घरं स्ट्रॉबेरी खुडायला जातात. परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबं दसऱ्याच्या आसपास सफरचंदांच्या बागांत टोपल्या घेऊन उतरतात आणि त्यांचे फोटो इकडच्या नातेवाइकांच्या मोबाइलवर येऊन पडतात. तसं काही आपल्याकडे का नाही, या प्रश्नावर हल्ली एक उत्तर तयार असतं: आता गरम हवेतलं सफरचंद निघालंय, तेच लावा. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. किकवीच्या परिसरात फळतोडीची सहल रुजवायची असेल, तर ती सफरचंदावर नव्हे, करवंदावर रुजेल.

पाहुण्याने स्वतः फळ तोडायचं, ही चाल मुळात हौसेची नाही, हिशेबाची आहे. पाश्चात्त्य देशांत तोडणीची मजुरी परवडेना, तेव्हा अनेक बागवानांनी गिऱ्हाइकालाच पिशवी देऊन झाडाखाली सोडलं. तोडणी, पेटी, वाहतूक, अडत हे सगळे खर्च एका फटक्यात गेले. म्हणजे ही रीत शोभते ती तोडायला हात जास्त लागणाऱ्या आणि बाजारापर्यंत धड न पोचणाऱ्या फळाला. सफरचंद तिकडे या रीतीत बसलं, कारण ते तिथलं घरचं फळ आहे. आपल्याकडे ते प्रवासी फळ आहे. सॅम्युअल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास शिमल्याजवळच्या कोटगढ भागात अमेरिकी जातीची कलमं लावली आणि हिमाचलाच्या डोंगरांचं अर्थकारण पालटलं. आज हिमाचल-काश्मीरचं सफरचंद हजार मैल ट्रकमधून येऊन पुण्याच्या मार्केट यार्डात ताजं उतरतं. जे फळ आपणहून दाराशी येतं, त्याच्यासाठी किकवीपर्यंत कोण जाईल?

नव्या जातीचं श्रेय नाकारायचं कारण नाही. बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी शोधलेली एचआरएमएन-99 ही जात खरोखर कमी थंडीत फळते. 2025 साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. जुन्या जातींना सात अंशांखालच्या थंडीचे हजारभर तास लागतात, तितके भोरच्या हिवाळ्यात कुठून आणणार? ही अट नव्या जातीने सैल केली. पण तिचं फळ तयार होतं जूनमध्ये, म्हणजे शाळा उघडतात आणि सह्याद्रीवर पाऊस कोसळायला लागतो तेव्हा. यावर कोणी म्हणेल की स्ट्रॉबेरी तरी कुठे आपली होती? बरोबर आहे, ती इंग्रजांच्या मागोमाग आली. पण तिला साडेचार हजार फूट उंचीवरची महाबळेश्वरची थंडी मिळाली, 2010 मध्ये तिथल्या फळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाहुण्या पिकाला जागा मानवावी लागते. शिवाय स्ट्रॉबेरी नाजूक, दोन दिवसांत मऊ पडणारी. खुडणीची मजा तिला साजते ती म्हणूनच.

करवंद याहून हट्टी. पिकलं की ते दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, पेटीत घातलं की चेंबतं, म्हणून आजही ते पानांच्या द्रोणातून ‘डोंगरची काळी मैना’ अशा हाळीवर विकलं जातं. एप्रिलअखेरपासून वळिवापर्यंतचा त्याचा हंगाम आणि शाळांची सुट्टी एकच. एकदा रुजलं की पाणी मागत नाही. नीरेच्या खोऱ्यात धरणं आहेत, पण त्यांचं बरंचसं पाणी कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे जातं; वरच्या माळाला कोरडवाहू झुडूपच परवडतं. काट्यांमुळे गुरं आत शिरत नाहीत, म्हणजे कुंपणाचा खर्च फळातून निघतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात दिली आहे. हिरव्या फळाचं लोणचं, पिकल्याचं सरबत, हे वरकड. आणि मुलांसाठी खेळ तर फळातच भरलेला आहे: चावून पाहायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. सफरचंदाच्या बागेत याच्या तोडीचं काय आहे?

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. करवंदं रानची, भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतल्या कातकरी आणि महादेव कोळी बायका ती वेचून चार पैसे मिळवतात. शहरी पाहुणे गाड्या भरून रानात शिरले, तर त्यांच्या तोंडचा घास जाईल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने वनवासींना दिला आहे, आणि तो सहलीपुढे वाकवता कामा नये. म्हणूनच ही योजना रानाची नाही, बांधाची असायला हवी: शेतकऱ्याच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर लावलेली जाळी, ठरलेली वाट, टोपलीमागे ठरलेले पैसे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 सालीच आलं. 2005 पासून बारामतीजवळच्या पळशीवाडीत कृषी पर्यटनाचा प्रयोग झाला तो त्याच्याही आधीचा. पुणेकरांना हुरड्यासाठी शेतावर पैसे देऊन बसायची सवय कधीचीच लागली आहे. जाळीतून पिकलं फळ कोणतं आणि नुसतं काळपट कोणतं, हे दाखवायला त्याच वेचणाऱ्या बायका मजुरीने लागतील, कारण हे ज्ञान कृषी पुस्तिकेत नाही, त्यांच्या बोटांत आहे.

राहिला काटा आणि चीक. काटे जोडीने येतात आणि खरोखर बोचतात. कच्चं फळ तोडलं तर पांढरा चीक बोटांना आणि ओठांना चिकटून बसतो. एवढ्यासाठी काही आई-बाप नक्कीच गाडी पुढे पाचगणीला नेतील. त्यांनी न्यावी. जे थांबतील, त्यांच्या मुलांना पिकलेलं करवंद ओळखायची खूण तासाभरात कळेल: नुसता हात लागला की ते देठ जागीच सोडून तळव्यात येतं.