अहवाल निर्दोष, दुखणे मात्र कायम

माझी थोरली बहीण इंदूरच्या एका शाळेत शिक्षिका आहे. दिवसाचे पाच-सहा तास बोलणे हेच तिचे काम. काही वर्षांपूर्वी गिळताना तिच्या घशात उजव्या बाजूस काहीतरी खुपल्यासारखे होऊ लागले. मान वळविली की कळ थेट कानापर्यंत जाई. दंतवैद्यांनी अक्कलदाढ काढली. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे पाहून मानेच्या मणक्यांची थोडी झीज झाल्याचे सांगितले व गळ्यास पट्टा दिला. शेवटी मेंदूचा एमआरआय झाला. त्याच्या अहवालात कोणताही दोष नव्हता. घरातील मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ‘आता मनातून काढून टाक’ असा सल्ला दिला. त्या रात्री तिने मला दूरध्वनीवर विचारले, “मग मला दुखतंय ते खोटं आहे का रे?”

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाशी माझा संबंध नाही. परंतु तिच्याबरोबर दवाखान्यांच्या पायऱ्या चढताना जे उमगले, ते आपल्या ग्राहकवाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

एखाद्या ग्राहकाने बचत खात्याचा उतारा मागितला, तर त्यावर त्याच्या मुदत ठेवी दिसत नाहीत. म्हणून ठेवी नाहीतच, असे आपण म्हणत नाही. प्रतिमा-तपासण्यांचेही तसेच आहे. जे विचारले, तेवढ्याचेच उत्तर मिळते.

साध्या एक्स-रेमध्ये त्रिमितीय शरीराची सावली एका सपाट फिल्मवर पडते. कवटीच्या तळाशी हाडांची इतकी दाटी असते की एकाची सावली दुसऱ्यावर पडून बारीक गोष्टी झाकल्या जातात. ही अडचण सीटी स्कॅनने दूर केली. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले आणि १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. सीटीमध्ये हाडे, सायनसच्या पोकळ्या, ताजा रक्तस्राव उत्तम दिसतो आणि काम काही मिनिटांत आटोपते. मात्र त्यात क्ष-किरण वापरले जात असल्याने विनाकारण पुनःपुन्हा ही तपासणी करू नये.

एमआरआयचे तत्त्व निराळे. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्यातील हायड्रोजनकडून संकेत मिळविले जातात. मेंदू, मज्जारज्जू, नसा व स्नायू यांसाठी ही तपासणी फार मोलाची. तिच्यात क्ष-किरण नसतात. परंतु अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावे लागते, आवाज कर्कश असतो आणि शरीरात पेसमेकर अथवा धातूची वस्तू असल्यास ते आधीच सांगावे लागते. घट्ट हाडातून मात्र संकेत जवळजवळ मिळतच नाही. ते चित्रात काळे दिसते. एखादा बारीक हाडाचा काटा त्या काळोखात सहज हरवतो. शिवाय मेंदूच्या एमआरआयमध्ये मानेचा बराचसा भाग टिपलेलाच नसतो.

गळ्यावर गाठ जाणवत असेल, तर पुष्कळदा साधी सोनोग्राफीच पहिली पायरी असते. थायरॉइड व लाळग्रंथी तीत चांगल्या दिसतात आणि खर्चही कमी.

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. चाळिशीनंतर मानेचे चित्रण केले, तर काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या मणक्यांतही झीज आढळते. म्हणजे चित्रात जे दिसले, तेच दुखण्याचे कारण असेल असे नाही. ताईचा पट्टा असाच वाया गेला.

अखेरीस एका ज्येष्ठ कान-नाक-घसा तज्ज्ञांनी सारे कागद बाजूला ठेवले, दुखणे कोठून कोठे जाते हे शांतपणे विचारले आणि हातमोजा घालून टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबून पाहिले. ताई किंचाळली. नेमकी तीच कळ! त्यांनी हाडांचा त्रिमितीय सीटी स्कॅन लिहून दिला व चिठ्ठीवर आपला संशयही नमूद केला. मला वाटते, त्या एका ओळीचे मोल साऱ्या फिल्मांहून अधिक होते. कारण काय शोधायचे, हे चित्र वाचणाऱ्यास ठाऊक झाले.

कानाखाली कवटीच्या तळाशी दोन्ही बाजूंना ‘स्टायलॉइड’ नावाचा टाचणीसारखा निमुळता हाडाचा भाग असतो. त्याची लांबी सामान्यतः अडीच ते तीन सेंटिमीटर. ताईच्या उजव्या बाजूस ती चार सेंटिमीटरहून अधिक होती. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे वॅट ईगल यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्यास ‘ईगल सिंड्रोम’ म्हणतात. लांब हाड असणाऱ्या बहुतेकांना जन्मभर काहीच त्रास होत नाही, त्यामुळे नुसत्या लांबीवरून निदान करता येत नाही. लक्षणे, बोटाची तपासणी व चित्र ही तिन्ही जुळावी लागतात. ताईला प्रथम औषधे देण्यात आली. त्यांचा पुरेसा उपयोग न झाल्याने शस्त्रक्रियेने ते टोक काढण्यात आले. आता ती पूर्ववत वर्ग घेते.

प्रत्येक मानदुखी अशी दुर्मीळ नसते, हे सांगावयास हवे. मात्र अकस्मात उठलेली असह्य डोकेदुखी, हातापायांतील बळ जाणे, ज्वरासह ताठलेली मान यांत क्षणाचाही विलंब नको. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली गाठ वा बसलेला आवाज, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी, तज्ज्ञांस दाखवावाच.

आता आमच्या प्रांतातील गोष्ट. केवळ तपासणीसाठी रुग्णालयात दाखल झाल्यास बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये तो खर्च मिळत नाही. रुग्णालयात उपचार झाले, तर त्याच आजारासाठी दाखल होण्यापूर्वीच्या ठरावीक दिवसांतील, सहसा ३० अथवा ६० दिवसांतील, तपासण्यांची भरपाई मिळू शकते. ताईचा सीटी स्कॅन शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधीचा होता. त्याचे पैसे मिळाले. एमआरआय आठ महिन्यांपूर्वीचा, त्याचे नाही. दाव्यासोबत डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, पावती व अहवाल तिन्ही जोडावे लागले. चिठ्ठी तिने सुदैवाने पाठ्यपुस्तकात जपून ठेवली होती.