पत्र नागपूरला, गाडी नाकाडोंगरीला

डिसेंबर 2022 च्या पहिल्या आठवड्यात महिंद्र कंपनीने आपल्या एक्सयूव्ही 700 आणि स्कॉर्पिओ-एन या दोन मॉडेलांच्या सुमारे 19 हजार गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. 12,566 एक्सयूव्ही आणि 6,618 स्कॉर्पिओ, सर्व हाताने गिअर टाकण्याच्या प्रकारातील, 1 जुलै ते 11 नोव्हेंबर 2022 या काळात बनलेल्या. दोन्ही गाड्या पुण्याजवळील चाकणच्या कारखान्यात तयार होतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या, घंटेच्या आकाराच्या आवरणात रबराचा एक छोटा भाता असतो. पुरवठादाराकडे सुट्या भागांची निवड करताना चूक झाली आणि त्यामुळे या भात्याच्या मापात फरक पडला असण्याची शक्यता कंपनीला वाटली. तपासणी आणि गरज पडल्यास बदल, दोन्ही विनामूल्य होते.

रबराच्या एका तुकड्यासाठी 19 हजार गाड्या बोलावणे अतिशयोक्त वाटेल. परंतु त्या आवरणातच क्लच असतो. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवायची की तोडायची, हे ठरते ते तेथेच. ब्रेकचा दोष सर्वांना कळतो, भीतीही वाटते. गिअरबॉक्सचा दोष मात्र बहुतेकांना खर्चाची बाब वाटते, धोक्याची नव्हे. हा समज चुकीचा आहे. पुढच्या ट्रकला ओलांडताना किंवा रेल्वेच्या फाटकावर गाडीची ओढ अचानक नाहीशी झाली, तर इंजिन चालू असूनही चालकाच्या हाती काही उरत नाही.

स्वयंचलित गाड्यांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये ह्युंदाईने क्रेटा आणि व्हर्ना यांच्या 7,698 आणि कियाने सेल्टोसच्या 4,358 पेट्रोल गाड्या परत बोलावल्या. दोन्हीकडे कारण एकच होते: गिअरबॉक्सला तेल पुरवणाऱ्या विजेच्या पंपाच्या नियंत्रकात बिघाडाची शक्यता. या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये ठरावीक गिअर नसतातच. दोन पुल्या आणि त्यांवरून फिरणारा पोलादी पट्टा किंवा साखळी, एवढीच मूळ रचना. पुल्यांच्या दोन बाजू जवळ-दूर होतात आणि पट्टा कधी मोठ्या, कधी छोट्या वर्तुळात फिरतो. पुली पट्ट्याला घट्ट धरते ती तेलाच्या दाबाने. दाब गेला की पकड गेली. 2015 मध्ये होंडाने भारतातील 3,879 सिटी गाड्यांच्या याच प्रकारच्या गिअरबॉक्सचे सॉफ्टवेअर बदलून दिले. त्या गाड्या फेब्रुवारी ते नोव्हेंबर 2014 मध्ये बनल्या होत्या आणि जुन्या सॉफ्टवेअरमुळे पुलीचा शाफ्ट निकामी होण्याची भीती होती. दुरुस्ती पान्याने नव्हे, संगणकाने झाली. कोपऱ्यावरचा मिस्त्री कितीही निष्णात असला तरी हे काम त्याच्याकडून होण्याजोगे नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

परदेशातील दोन उदाहरणे येथे आठवावीत. 1970 च्या दशकातील फोर्ड गाड्यांत गिअरचा दांडा ‘पार्क’वर आहे असे वाटे आणि गाडी रिव्हर्समध्ये सरके. तक्रारींचा डोंगर साचला. अखेर 1980 मध्ये तडजोड झाली ती गाड्या दुरुस्त करण्याची नव्हे, तर सुमारे 2 कोटी 30 लाख मालकांना इशाऱ्याची चिकटपट्टी पाठवण्याची! दुसरे उदाहरण अलीकडचे. एप्रिल 2016 मध्ये फियाट क्रायसलरने अमेरिका आणि अन्यत्र मिळून सुमारे 11 लाख गाड्या परत बोलावण्याचे जाहीर केले. त्यांतील गिअरचा दांडा प्रत्येक वेळी मूळ जागी परतत असे, त्यामुळे गाडी ‘पार्क’मध्ये आहे की नाही हे चालकाला उमगत नसे. जूनमध्ये अभिनेता अँटोन येल्चिन स्वतःच्याच घराच्या उतारावर, स्वतःच्याच जीप ग्रँड चेरोकीखाली सापडून मरण पावला. ती गाडी परत बोलावलेल्या गाड्यांपैकीच होती. घोषणा होऊन दोन महिने उलटले होते.

घोषणा आणि दुरुस्ती यांमधील हे अंतर, हाच या विषयाचा गाभा आहे. आपल्याकडे ते अंतर किती लांब असू शकते, हे पाहण्यासाठी भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरीपर्यंत जावे.

तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलपट्ट्यात हे गाव आहे. शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण, तिचे ट्रक, तुमसर-तिरोडी रेल्वेमार्ग आणि कटंगीकडे जाणारा रस्ता. अशा भागात नव्या गाडीइतकीच वापरलेली गाडीही चालते. नागपूरच्या एखाद्या कुटुंबाने तीन-चार वर्षे वापरलेली गाडी दलालामार्फत येथवर येणे मुळीच अवघड नाही. कंपनीचे पत्र किंवा दूरध्वनी मात्र जातो तो नोंदीत असलेल्या मालकाकडे. मोटार वाहन कायद्यानुसार गाडी विकल्यावर, राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. प्रत्यक्षात नमुना 29 आणि 30 वर सह्या करून कागद डिकीत ठेवले जातात आणि नाव बदलणे पुढे ढकलले जाते. परिवहन कार्यालयात नाव बदलले, तरी कंपनीच्या सेवा केंद्राच्या यादीत जुनाच मोबाइल क्रमांक राहू शकतो. पत्र नागपूरला पोहोचते, गाडी नाकाडोंगरीला असते.

या उणिवेवर कायद्याने काही उपाय केला आहे काय? काही अंशी केला आहे. जुलै 2012 पासून वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची स्वेच्छासंहिता होती, म्हणजे सारे कंपनीच्या मर्जीवर. (याच काळात कंपन्यांना ‘रिकॉल’ हा शब्द टाळून ‘सेवा मोहीम’ म्हणण्याची सवय जडली. तो शब्दप्रयोग अजूनही दिसतो आणि ग्राहकाला गाफील ठेवतो.) 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-अ आले आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या वाहनात सुरक्षेचा दोष असल्यास केंद्र सरकार ते परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते आणि 10 लाख ते 1 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने स्वतःहून दोष जाहीर केला तर दंड माफ.

आदेशासाठी तक्रारींची संख्या मात्र ठरवून दिली आहे. वर्षाला 500 पर्यंत विकल्या जाणाऱ्या मोटारींसाठी 100 तक्रारी किंवा 20 टक्के, तर 10 हजारांहून अधिक खपाच्या मॉडेलसाठी 1,250 तक्रारी. येथे ग्रामीण ग्राहक हिशेबातूनच गळतो. नाकाडोंगरीच्या रस्त्यावर गाडीचा गिअरबॉक्स अडला तर ती ओढून गावातल्या किंवा तुमसरच्या मिस्त्रीकडे नेली जाते. तो काहीतरी करून चालू करून देतो, पैसे रोख दिले जातात. ती घटना कुठेच नोंदली जात नाही. अधिकृत सेवा केंद्राच्या संगणकात नोंद नाही आणि सरकारी संकेतस्थळावर तक्रार नाही, म्हणून नियमाच्या दृष्टीने तो दोष घडलाच नाही. तक्रारीखेरीज चाचणी संस्था किंवा अन्य स्रोतांवरूनही सरकार कारवाई करू शकते, हे खरे. पण आकड्यांची अट ज्यांच्या तक्रारींवर चालते ते बहुधा शहरातले असतात, ही त्रुटी उरतेच.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने म्हणूनच पत्राची वाट पाहू नये. आरसी पुस्तकावर चासी क्रमांक असतो. तो 17 अक्षर-अंकांचा असतो. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की ती गाडी परत बोलावलेल्यांपैकी आहे की नाही, हे लगेच कळते. अधिकृत केंद्राला दूरध्वनी करूनही हे विचारता येते. त्यासाठी गाडी त्यांच्याकडून घेतलेली असण्याची गरज नाही. परत बोलावलेल्या गाडीची ती दुरुस्ती दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही विनामूल्य मिळते, कारण ती माणसाच्या नावे नसून चासी क्रमांकाच्या नावे असते. केंद्राने पैसे मागितले तर लेखी नकार घ्यावा. जिल्हा ग्राहक आयोगापुढे तोच कागद उपयोगी पडतो.

आणि कायद्याची सात वर्षांची मुदतही ध्यानात ठेवावी. 2014 च्या त्या सिटी गाड्या आता तिच्या बाहेर गेल्या आहेत. चाकणहून 2022 मध्ये निघालेल्या एक्सयूव्ही आणि स्कॉर्पिओ यांची सात वर्षे 2029 मध्ये पूर्ण होतील, आणि तोवर त्यांतील कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेल्या असतील.