मूल्यं भिंतीवर, नियम फाटकावर

राजपुरी खाडीच्या एका काठाला आगरदांडा, समोरच्या काठाला दिघी. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने दिघी औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली आणि या टापूत कारखान्यांची चर्चा वाढली. कारखाने आले की त्यांच्या दर्शनी दालनात चौकटीतली मूल्यंही येतील: सचोटी, समानता, परस्परांचा आदर. शब्दांना नावं ठेवायला जागा नाही. पण रात्रपाळीच्या मुकादमाने त्यांचं करायचं काय?

याचं एक जुनं उत्तर कुंडलच्या माळावर सापडतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकवत. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. मग बेळगावात सायकलींचं दुकान, पुढे लोखंडी नांगर. बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी कुंडलचा हा निवडुंगाने भरलेला माळ आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली.

जन्म बघून माणूस जोखला की काय होतं, हे लक्ष्मणरावांनी स्वतः भोगलं होतं. नवल म्हणजे ते नुसतं बोलून थांबले नाहीत. त्यांचं बोलणं नेमणुकांत उतरलं. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनिअर ठरले. वसाहतीत शिवाशिवीला बंदी आली. आणि पहाऱ्यावर कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांवरही दरोडेखोरीचा शिक्का!

‘आम्ही समानता मानतो’ असं म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. ‘इथे शिवाशिव पाळायची नाही’ म्हटलं की नियम मोडणारा पहिल्याच दिवशी, पाण्याच्या घोटाला दिसतो. शिवाय अशा नियमाची झळ आधी मालकाला बसायला हवी. शिक्षा भोगलेल्या माणसांवर विश्वास ठेवायचा म्हणून कारखान्याचा मालच त्यांच्या हवाली करणं, यात धोका लक्ष्मणरावांचा होता.

जमशेदपूरला टाटांनी १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू केला, तेव्हा कायद्याची तशी सक्ती नव्हती. तोही मालकाचाच निर्णय.

अडचण तिथेच आहे. मालक भला, म्हणून नियम भले. उद्या मालक बदलला तर? कामगाराला कुणी विचारलेलं नसतं, त्यामुळे तो जाब तरी कुठल्या तोंडाने विचारणार? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने ही फट थोडी बुजवली. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष त्याच आस्थापनेतली वरिष्ठ महिला, सदस्यांत किमान निम्म्या स्त्रिया, आणि बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, जी त्या मालकाच्या नोकरीत नसते.