दुपारचा फोन

आमच्या महाडच्या घरात २००७ सालापर्यंत एक नियम होता. रात्री साडेदहाच्या आत कुणी नेट ‘लावायचं’ नाही. आताच्या मुलांना यातलं ‘लावायचं’ कळत नाही. पण तेव्हा ते खरंच लावावं लागे. फोनची वायर काढून मोडेमला जोडायची, मग तो कूंऽऽ, खर्रऽऽ असा घसा साफ करणार आणि नशिबात असेल तर लागणार! सासूबाई त्या आवाजाला ‘आलं वाटतं मांजर’ म्हणायच्या.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. महाडसारख्या गावातल्या घरांत ते यायला पुढे बरीच वर्षं गेली. मोडेमवर ५६ के लिहिलेलं असे, म्हणजे सेकंदाला फार तर ५६ हजार बिट. एक एमबीची फाइल उतरायला चार-पाच मिनिटं सहज जायची. नेटचे पैसे वेगळे, फोनचे कॉल वेगळे. आधी मुलाचा अभ्यास, मग ह्यांचे शेअरचे भाव, मग मी. मला कुणी नको म्हटलं नव्हतं हं. पण मिनिटागणिक पैसे पळत असले की घरातली बाई आपली गरज आपणहून शेवटी ठेवते.

माझी खरी अडचण मात्र बिलाची नव्हती, एंगेज टोनची होती.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांमधून मी बचत गटांचं काम करते. गटात बसलं की हिशेबाबरोबर घरातली दुखणीही बाहेर येतात. म्हणून घरचा नंबर सगळ्यांना दिलेला. वाडीवरची बाई पोलादपूरला बाजाराला येणार, नवरा बरोबर नाही हे पाहून रुपयाचं नाणं टाकून फोन करणार, आणि परतीची एसटी गाठणार. तिच्या हातात पाच-दहा मिनिटं. तेवढ्यात आमच्या घरी कुणी नेट लावलेलं असलं तर संपलं! एकीने मला नंतर सांगितलं, ‘‘ताई, तीनदा लावला, नुसतं टुंटुं वाजत होतं.’’ तिचा पुढचा फोन आला तो आठ दिवसांनी, माहेरून. हाताला प्लॅस्टर होतं. साडेदहाचा नियम त्या दिवसापासूनचा.

बीएसएनएलने १४ जानेवारी २००५ ला ‘डेटावन’ ब्रॉडबँड सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरलं होतं. मुलगा वेगाचं कौतुक सांगत होता. मी एकच विचारलं, ‘‘नेट चालू असताना फोन वाजेल का?’’

वाजतो! तांब्याची तार तीच. आपला आवाज तिच्यात खालच्या पट्टीत जातो, साधारण चार हजार हर्ट्झपर्यंत, आणि नेट त्याच्या बरंच वरच्या पट्टीत. स्प्लिटर नावाची काडेपेटीएवढी डबी दोघांना वेगळं करते. दिसायला अगदीच क्षुल्लक, पण आमच्या घरातलं भांडण त्या डबीने मिटवलं. महिन्याची रक्कम ठरलेली, त्यामुळे घड्याळाकडे बघणंही गेलं. डेटाची मर्यादा असायची. काही योजनांत पहाटे दोन ते आठ मोजणी नसे. मग पोरं रात्री जागून डाउनलोड करत आणि सकाळी कॉलेजला पेंगत, तो भाग वेगळा.

मला मिळाली ती दुपार. भांडी आवरली की दोन ते चार मी कॉम्प्युटरपुढे. लोडशेडिंग नसेल तर! वीज गेली की मोडेम बंद, पण फोन चालू, कारण त्याला वीज एक्स्चेंजमधून तारेवाटेच येते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला होता. तो मी त्या दुपारींमध्ये वाचला, इंग्रजीतून, डिक्शनरी शेजारी ठेवून. राहत्या घरात राहण्याचा हक्क देणारं कलम १७, दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचं कलम १२, असं सगळं वहीत मराठीत उतरवलं. एकदा समोर ते पान उघडं असतानाच फोन वाजला. पोलादपूरहून एक बाई विचारत होती, ‘‘घर सासऱ्याच्या नावावर हाय, मला बाहेर काढतील का?’’ मी वाचून सांगत गेले, ती ऐकत गेली. एकाच तारेवर दोन्ही!

अर्थात, तिच्या टोकाला नाण्याचाच डबा होता. तांब्याच्या तारेवरचं हे ब्रॉडबँड एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे मान टाकतं. आंबेनळी घाटाच्या कुशीतल्या वाड्यांना ते कुठून मिळणार? तिथल्या बायकांच्या हातात नेट आलं ते मोबाइलवरून, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तेव्हा. आमच्याकडे आता फायबर आहे. ती डबी २२ जुलै २०२१ च्या महापुरात गेली, मोडेमसकट.

गेल्या महिन्यात पोलादपूरच्या एका गटात विचारलं, स्वतःचा फोन किती जणींकडे आहे? बरेच हात वर झाले. मग विचारलं, संध्याकाळी तो कुणाच्या हातात असतो? बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. एक म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही आपलं दुपारचंच करत जा.’’