सासूबाईंचा आवाज पेटीखाली दबतोय?

मैत्रिणींनो, घरी भजन रेकॉर्ड केलंत आणि ऐकताना पेटीच तेवढी ऐकू आली, असं झालंय ना? आमच्या सासूबाईंचा आवाज आता वयानं बारीक झालाय. ऐकून म्हणाल्या, "अगं, यात मी आहे कुठे?"

म्हणून लगेच महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. २००० साली आलेलं 'ऑडॅसिटी' फुकट मिळतं, घरच्या कामाला पुरतं. पंखा बंद करा. खोलीत गाद्या-रजया असू द्यात, आवाज घुमत नाही. आधी पेटी एका ट्रॅकवर घ्या. मग हेडफोनवर ती ऐकत गाणं दुसऱ्या ट्रॅकवर. नंतर गळा चढवू नका, पेटी उतरवा! 'रिव्हर्ब' मिठाइतकाच. शेवटी अगदी हळू लावून ऐका. शब्द कळले की झालं.

दुसऱ्या खेपेचं रेकॉर्डिंग सासूबाईंनी स्वतःच नणंदेला पाठवायला लावलं.