दुभाजक कोणत्या हाताला?

भंडारा, प्रतिनिधी – परदेशात आठ-दहा वर्षे काढलेला तरुण दिवाळीच्या सुटीत गावी येतो. नागपूरला विमानातून उतरतो, घरची मोटार न्यायला आलेली असते आणि हौसेने तो स्वतःच स्टिअरिंगवर बसतो. मौद्यापर्यंत काहीच बिघडत नाही. पुढे ट्रक, मागे बस. अशा रांगेत चूक करायला वावच नसतो. पुढे रस्त्याच्या पलीकडच्या ढाब्यावर चहा घ्यायचा म्हणून दुभाजकातील कटमधून गाडी ओलांडली जाते. रात्रीचे अकरा वाजलेले असतात. परत निघताना महामार्ग रिकामा असतो. भंडारा उजवीकडे आहे, म्हणून तो ढाब्यासमोरच्याच पट्ट्यावर उजवीकडे वळतो. दुभाजक त्याच्या डाव्या हाताला असतो, अमेरिकेत रोज असतो तसाच. आपण वाहतुकीच्या उलट निघालो आहोत, हे समोरचे दिवे अंगावर येईपर्यंत त्याला कळत नाही.

हा प्रसंग कल्पनेतला आहे. त्यातली चूक मात्र खरी आहे आणि तिची किंमत अनेक देशांनी मोजली आहे. २७ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात, अमेरिकेच्या वापरात असलेल्या आरएएफ क्रॉटन या तळाबाहेर एक अमेरिकी महिला मोटार घेऊन रस्त्याच्या उजव्या बाजूने निघाली. आपल्या योग्य बाजूने येणारा १९ वर्षांचा मोटारसायकलस्वार त्या धडकेत मृत्युमुखी पडला. महिला राजनैतिक संरक्षणाच्या आधारे मायदेशी परतली, दोन सरकारांत तणाव निर्माण झाला आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या न्यायालयाने तिला आठ महिन्यांची, परंतु स्थगित, शिक्षा सुनावली. ब्रिटनमध्ये डावीकडून चालायचे असते, हे तिला ठाऊक नव्हते असे कुणीही म्हणणार नाही.

ठाऊक असणे आणि हातापायांना वळण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हाच या विषयाचा गाभा आहे. वाहन चालविणे एकदा अंगवळणी पडले की मेंदू त्यातील बहुतेक निर्णय विचाराविना घेतो. बाजू बदललेल्या देशात चालक सुरुवातीला जाणीवपूर्वक सावध राहतो आणि ती सावधगिरी जिथे सुटते तिथे जुनी सवय वर येते. म्हणून या चुका भर गर्दीत फारशा होत नाहीत. त्या होतात पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना, सुनसान चौकात वळताना, एकेरी रस्ता संपून दुहेरी सुरू होताना, पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर. मार्गदर्शनाला समोर एकही वाहन नसणे, हाच खरा धोका.

दुसरा धोका अधिक भयंकर आहे. समोरून अचानक कुणी अंगावर आले, तर चालक विचार न करता गाडी आपल्या सवयीच्या बाजूला घेतो. आपल्याकडचा चालक डावीकडे जाईल, अमेरिकेत मुरलेला उजवीकडे. समोरासमोर आलेल्या या दोघांनीही एकमेकांना चुकविण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, तरी दोघे रस्त्याच्या एकाच कडेला जाऊन भिडतात.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटते, पण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात ती किरकोळ नाही. अमेरिकेत चालक मोटारीच्या डाव्या बाजूला बसतो आणि गाडीचा बहुतेक विस्तार त्याच्या उजवीकडे असतो. येथे तो उजवीकडे बसतो. नजरेला जुने अंतर पाठ असल्याने तो नकळत डावीकडे सरकतो आणि गाडीची डावी चाके रस्त्याच्या कडेला येतात. आपल्याकडे कडेला कोण असते, हे सांगायला नको. सायकलवरून शाळेतून परतणारी मुले असतात, शेतातून येणाऱ्या बाया असतात, मळणीच्या हंगामात वाळत घातलेले धान असते आणि मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते. (इंडिकेटर द्यायला जाऊन वायपर सुरू होणे हा त्यातला निरुपद्रवी भाग. घरच्यांना तेवढीच करमणूक.)

जगात डावी-उजवीचा हा घोळ का राहिला, याचे उत्तर इतिहासात आहे. ब्रिटनने १८३५ च्या महामार्ग कायद्याने डावी बाजू सक्तीची केली आणि तीच पद्धत साम्राज्यासोबत भारतात आली. आज जगातील सुमारे एक-तृतीयांश लोकसंख्या डावीकडून चालणाऱ्या देशांत राहते. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराने देशाला एकच बाजू ठरविण्यास सांगितले; कोणती, ते ज्याच्या त्याच्यावर सोडले. शेजाऱ्याशी जुळवून घेणे बहुधा सोयीचे ठरते. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यात डावीच राहिली. सीमेपलीकडे सावंतवाडी आणि बेळगाव डावीकडूनच चालत होते.

सारा देशच एका रात्रीत बाजू बदलतो, तेव्हा काय होते? स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता डावीकडून उजवीकडे उडी घेतली. त्याआधी १९५५ च्या जनमत चाचणीत सुमारे ८३ टक्के लोकांनी विरोध केला होता. हाहाकार माजेल अशी भीती होती; प्रत्यक्षात अपघात सुरुवातीला घटले. सगळेच घाबरून, जपून चालवीत होते. भीती ओसरली तसे दोनेक वर्षांत आकडे पूर्वपदावर आले. एकटा परका चालक या बाबतीत दुर्दैवी म्हणायला हवा. स्वीडनमध्ये सगळेच एकाच दिवशी नवखे होते. येथे नवखा तो एकटाच असतो आणि त्याच्या समोरून येणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

पादचारीही यातून सुटत नाहीत. विन्स्टन चर्चिल १३ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर रस्ता ओलांडताना ब्रिटिश सवयीने चुकीच्या दिशेला पाहत राहिले आणि मोटारीखाली सापडून गंभीर जखमी झाले. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आई-वडिलांना स्वेटर आणि लोणच्याइतकेच हेही सांगून ठेवायला हवे: तिथे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहायचे.

आता पुन्हा आपल्या महामार्गाकडे. पूर्वीचा क्रमांक सहा, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३, भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्हा आडवा कापत छत्तीसगडकडे जातो. तो चौपदरी झाला, मध्ये दुभाजक आला आणि रस्त्याचे व्याकरणच बदलले. पूर्वी शेतातून निघालेला मोटारसायकलस्वार रस्ता ओलांडून हव्या त्या दिशेला जात असे. आता त्याला आधी डावीकडे वळून पुढचा कट गाठावा लागतो, तिथून परत फिरावे लागते. दोन-तीन किलोमीटरचे पेट्रोल कोण जाळणार? तो सरळ उजवीकडे वळून कडेकडेने उलट दिशेने निघतो. आपल्या भाषेत, राँग साइड. ढाब्यावरून निघालेला परदेशस्थ तरुण आणि हा गावकरी रस्त्यावर नेमकी एकच रेघ ओढतात; फरक एवढाच की पहिला नकळत, दुसरा जाणूनबुजून.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यांपैकी सुमारे पाच टक्के मृत्यू उलट बाजूने वाहन चालविण्यामुळे झाले. वेगाच्या तुलनेत हा वाटा लहान वाटेल. पण अशी धडक झालीच, तर सुटका कठीण का असते, ते साध्या गणिताने कळते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी मोटार ताशी ४० ने त्याच दिशेला चाललेल्या वाहनावर मागून आदळली, तर दोघांच्या वेगातील फरक ४० असतो. तेच वाहन समोरून आले, तर तो १२० होतो. वेग तिप्पट, धडकेची ऊर्जा नऊपट. रात्री शंभर मीटरवर दिवा दिसला, तर हातात तीन सेकंद असतात.

कायदा याबाबत मोघम नाही. वाहन डावीकडून चालवावे आणि समोरच्याला आपल्या उजव्या हाताने जाऊ द्यावे, हा मूळ नियम. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर वाहतुकीच्या ठरलेल्या दिशेविरुद्ध वाहन चालविणे हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालविण्यात मोडते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या वाहनांसाठीही कलम १२० आहे. चालू स्थितीतील इशारा-यंत्रणेशिवाय अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही.

परवान्याचा कायदा मात्र सवयीबद्दल काही विचारत नाही. परदेशी जाणाऱ्याला येथील परिवहन कार्यालयातून एका वर्षाचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. त्यासाठी पासपोर्ट आणि वैध भारतीय परवाना लागतो. उजव्या बाजूने गाडी चालवून दाखवावी लागत नाही. तिकडून येणाऱ्याचेही तेच. तिकडचा आंतरराष्ट्रीय परवाना खिशात असला, की इथे स्टिअरिंगवर बसायला कायद्याची आडकाठी नाही. न्यूझीलंडमध्ये भाड्याच्या मोटारींच्या स्टिअरिंगवरच पर्यटकांसाठी डावीकडून चालण्याची आठवण अडकविली जाते. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोडवर बाण रंगविलेले आहेत. लंडनच्या रस्त्यांवर पादचाऱ्यांच्या पायाशीच ‘उजवीकडे पाहा’ असे लिहिलेले असते.

आपल्याकडे अशी पाटी लागेपर्यंत घरच्यांनीच काही गोष्टी पाहायला हव्यात. लांबच्या विमानप्रवासानंतर त्याच रात्री मुलाच्या हाती गाडी देऊ नये. पहिले दोन दिवस त्याने शेजारी बसून पाहावे. पहिली फेरी दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर आणि शेजारी कुणीतरी बसलेले असताना व्हावी; त्या शेजाऱ्याने गप्पा कमी माराव्यात आणि प्रत्येक वळणापूर्वी बाजू मोठ्याने सांगावी. मोटारीसाठी एक खूण सोपी आहे: स्टिअरिंग ज्या बाजूला, ती बाजू रस्त्याच्या मध्याकडे. येथे दुभाजक उजव्या खांद्याशी असला पाहिजे. तो डाव्या बाजूला दिसला, तर तिथेच कडेला थांबून दिवे लुकलुकते ठेवायचे आणि रस्ता मोकळा असल्याची खात्री करूनच गाडी वळवायची. मोटारसायकलवर ही खूणही नसते, म्हणून परदेशातून आलेल्याने तिच्यावर बसण्याची घाई तर मुळीच करू नये.